न्हाणीघराचा जमाखर्च

रिसोडसारख्या तालुक्याच्या गावी अभ्यंग, बाष्पस्नान, कटिस्नान आणि मृत्तिकालेप यांचे उपचारगृह चालवायचे, म्हणजे ज्या पाण्याची उन्हाळ्याच्या तोंडी गावोगाव वाण पडते त्याच पाण्यावर आपला सारा व्यवसाय उभा करायचा. आणि असा व्यवसाय पत्करणाऱ्याला पर्यावरणाचा विचार फुरसतीच्या वेळेसाठी राखून ठेवता येत नाही, तो त्याला रोजच्या किर्दीत, अगदी पहिल्या रकान्यातच, मांडावा लागतो. मोठ्या शहरांतून ज्याला आता सर्रास 'स्पा' म्हणतात त्या धंद्याचे आम्ही खेड्यातले गरीब भाऊबंद. आमच्याकडे येणारी माणसे बहुधा कंबरेच्या, गुडघ्याच्या, पोटाच्या तक्रारी घेऊन येतात. सोयाबीन सोंगून झाल्यावर पाठ धरलेले शेतकरी, दिवसभर उभे राहून पायांना सूज आलेले शिक्षक, बाळंतपणानंतर अंग आंबून गेलेल्या लेकीसुना. त्यांची सेवा करता करता जे समजले, त्यातले थोडे येथे नमूद करतो.

प्रथम भूमीविषयी सांगितले पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यातूनच निघाले आहे. १९९८ साली अकोल्यातून वेगळा झालेला आमचा वाशीम जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर बसलेला आहे. येथे पडलेला पाऊस उत्तरेकडे काटेपूर्णेसारख्या नद्यांवाटे पूर्णेला आणि तापीला मिळतो, दक्षिणेकडे पैनगंगेच्या वाटेने गोदावरीच्या खोऱ्यात उतरतो. म्हणजे आमच्या वाट्याला येणारे पाणी मुळातच निघून जाण्याच्या तयारीने आलेले असते. जमिनीखाली काळा पाषाण. त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात जेवढे मुरेल तेवढेच विहिरींना मिळायचे, आणि चैत्र-वैशाखात त्या साठ्याचा तळ दिसू लागायचा. हीच पैनगंगा खाली नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात उनकेश्वराजवळून जाते, आणि तेथे मात्र भूमी स्वतःच गंधकयुक्त ऊन पाणी वर आणून देते. शरभंग ऋषींची व्याधी दूर व्हावी म्हणून प्रभू रामचंद्रांनी बाण मारून ते काढले, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. त्वचारोगी आजही तेथे स्नानाला जातात. उनकेश्वर काय, वज्रेश्वरी-गणेशपुरी काय, किंवा कोकणातील राजापूर-उन्हवरे काय, तेथे निसर्गाने पाणी आणि ऊब दोन्ही फुकट दिली आहेत. आम्हाला दोन्ही विकत घ्यावी लागतात, आणि दोन्हींची किंमत आमच्या आधी सारे गाव देत असते.

उपचारगृहाची मांडणी करताना पहिला प्रश्न आला तो टबाचा. स्नानगृहांचे साहित्य विकणाऱ्या एका प्रतिनिधीने रंगीत चित्रांची वही आणून ठेवली होती. तिच्यात पाण्याच्या धारा आतून उसळविणारे, मनुष्य गळ्यापर्यंत बुडेल असे, अडीचशे-तीनशे लिटर पाणी मावणारे टब होते. ती वही बाकावर पडलेली असताना पैनगंगेकाठच्या एका वृद्ध शेतकरीबाबांनी ती चाळली, चित्राखालचा आकडा मला वाचून दाखवायला लावला, आणि म्हणाले, "साहेब, एका माणसाच्या आंगाले एवढं पाणी कायले लागते? एवढ्यात माह्या बैलजोडीचे तीन दिवस निंगतात." त्यांचा हिशेब तंतोतंत होता; कामाचा बैल दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी पितो. मी तो प्रश्न मनावर घेतला. एका माणसाच्या अंगाला एवढे पाणी खरोखरच लागते काय, या प्रश्नाचे उत्तर बाजारात न शोधता वैद्यकशास्त्रातच शोधावे, असे मी ठरविले.

आणि शास्त्राने उत्तर स्पष्ट दिले. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात स्वेदाध्याय आहे. त्यात अग्नीच्या साहाय्याने करावयाचे स्वेदाचे तेरा प्रकार दिले आहेत, आणि त्या तेरांमध्ये द्रवाने भरलेल्या पात्रात बसवायचे ते 'अवगाह' स्नान हा केवळ एक प्रकार आहे. बाकीच्यांत गरम केलेल्या पुरचुंड्या आहेत, तापविलेली शिळा आहे, तापविलेली जमीन आहे, नळीने सोडलेली वाफ आहे. एवढ्यावर न थांबता आचार्यांनी अग्नीवाचूनचे दहा स्वेद वेगळे सांगितले, आणि त्यांत व्यायाम, ऊबदार खोली, जड पांघरूण आणि ऊन ही घातली. वऱ्हाडात ऊन आणि घोंगडी या दोन वस्तूंना तोटा नाही! युरोपातही निराळी कथा नाही. सायलीशियातील ग्रेफेनबर्ग येथे प्रीसनित्झ याने एकोणिसाव्या शतकात जलोपचाराची जी प्रतिष्ठापना केली तिच्यात ओल्या चादरीला मोठे स्थान होते. लाइपझिगच्या लुई कूने याचे कटिस्नान तर अर्ध्या टबातच होते. ज्यांनी जलचिकित्सा घडविली त्यांच्या उपचारांत थोड्या पाण्याचे असे प्रकार होते. गळ्यापर्यंतचा टब हा औषधाचा भाग कमी आणि आरामाचा भाग अधिक आहे.

तेव्हापासून आमच्याकडे कटिस्नानाची टबे आहेत, खुर्चीसारखी, पाठ टेकता येणारी. रुग्णाचे पाय बाहेर, छाती बाहेर, पाणी बेंबीपर्यंत. त्याला चाळीस लिटरांच्या आसपास पाणी पुरते. आणि ओल्या चादरीच्या उपचाराला तर एक बादलीसुद्धा लागत नाही. हा उपचार आमच्या उपचारगृहातल्या मावशी ज्या हातोटीने करतात ती सांगण्याजोगी आहे. खाटेवर आधी दोन घोंगड्या आडव्या पसरायच्या, त्यांवर गार पाण्यात बुडवून घट्ट पिळलेली सुती चादर अंथरायची, रुग्णाला तिच्यावर निजवून ती हातांखालून, मग हातांवरून, मग पायांभोवती अशी लपेटायची की कोठेही हवेला फट राहू नये, आणि मग घोंगड्या एकामागून एक ओढून गळ्याशी आणि पावलांशी दुमडून घ्यायच्या. पहिल्या दोन-तीन मिनिटांत रुग्ण शहारतो. पाच-सात मिनिटांत चादर अंगाच्याच उबेने कोमट होते, आणि पुढे अर्ध्या-पाऊण तासात कपाळावर घाम दिसू लागतो. बाहेरून एक काडी न पेटविता, एक युनिट वीज न जाळता, शरीराची स्वतःची उष्णता त्याच्याच उपचाराला लावायची! मावशी हे काही पुस्तकात शिकलेल्या नाहीत. बाळंतिणीला न्हाऊमाखू घालून, शेक देऊन, पांघरुणात गुंडाळून ठेवण्याची जी घरोघरची विद्या त्यांच्या सासूकडून त्यांच्याकडे आली तिनेच त्यांचा हात बसविलेला आहे. मी फक्त तिला शास्त्राचे नाव दिले.

थोडक्या साधनांत उपचार करण्याच्या या विचाराला महाराष्ट्राच्या भूमीत फार मोठा पूर्वाधार आहे. पुण्यास डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार चिकित्सालय होते आणि गांधीजींचा त्याच्याशी घनिष्ठ संबंध होता; परंतु गरिबांसाठीचे निसर्गोपचार केंद्र शहरात काढण्यात अर्थ नाही, ते खेड्यातच हवे, असे त्यांच्या मनाने घेतले आणि १९४६ च्या मार्च महिन्यात ते उरुळीकांचनला जाऊन राहिले, रुग्ण तपासू लागले, आणि पुढचा भार त्यांनी मणिभाई देसाई यांच्यावर सोपविला. माती, पाणी, ऊन, हवा आणि साधा आहार एवढ्या सामग्रीवर तो आश्रम उभा राहिला. मणिभाईंनी तेथे केवळ रुग्णच पाहिले नाहीत, तर त्या गावची जमीन, जनावरे आणि फळबागाही पाहिल्या. १९६७ साली त्यांनी जी कृषी-उद्योग प्रतिष्ठानाची संस्था स्थापिली ती त्याच कामाची पुढची पायरी होती. उपचारगृहाच्या कुंपणाबाहेरची माती जर आजारी असेल तर आतल्या मातीचा लेप काय कामाचा, हे ज्याला कळले त्या माणसाचे मोठेपण मला उरुळीची वाट चालताना नेहमी जाणवते.

आता इंधनाविषयी. शंभर लिटर पाणी वीस अंशांनी तापविण्यास सुमारे २.३ युनिट विजेइतकी उष्णता लागते. हा भौतिकशास्त्राचा नियम असल्यामुळे त्यात कोणत्याही कंपनीच्या यंत्राने सूट मिळत नाही. म्हणून पाणी कमी वापरणे हीच इंधनाची पहिली बचत. उरलेल्या पाण्यासाठी आमच्या छपरावर सौरबंब आहे आणि वर्षातील बहुतेक महिने तो चोख काम देतो. फक्त बोअरच्या जड पाण्यातील क्षार नळ्यांत आणि टाकीत साचतात, ते वेळच्या वेळी काढावे लागतात. आषाढ-श्रावणातल्या झाकोळलेल्या दिवसांसाठी जुना तांब्याचा बंब ठेवला आहे. त्याला पऱ्हाट्या आणि तुराट्या घालतो. ही काडी एरवी बांधावर पेटवून दिली जाते. तिचा धूर कोठेही होणारच, तो निदान पाणी तापवून व्हावा.

अभ्यंगाची गोष्ट पाण्याहून अवघड आहे, कारण पाणी वाहून जाते आणि तेल राहते. एका अभ्यंगास शे-सव्वाशे मिलिलिटर तेल लागते. त्यातले थोडे अंगात जिरते, पुष्कळसे वर राहते. ते जर ऊन पाणी आणि साबण यांनी काढायचे म्हटले तर बादल्यांमागून बादल्या ओताव्या लागतात आणि सारे तेल मोरीवाटे गटारात उतरते. त्यावर घरोघरीचा उपाय तोच आमचा उपाय: डाळीचे किंवा मसुरीचे जाडसर पीठ कोरडेच अंगावर चोळून तेल टिपून घ्यायचे, ते पीठ परातीत पाडायचे, आणि मगच दोन तांबे पाणी. शहरातल्या चेहऱ्यामोहऱ्याच्या प्रसाधनांत घासण्यासाठी प्लॅस्टिकचे सूक्ष्म मणी घालीत असत; अमेरिकेला २०१५ साली त्यांच्याविरुद्ध कायदा करावा लागला, कारण ते नद्यांत आणि माशांच्या पोटांत जाऊन बसत. ज्या देशात दिवाळीच्या पहाटे लहान मुलालाही उटणे लावतात त्या देशाने ते मणी मुळात आयात का करावेत, याचे मला दुःख होते.

तेल पुसलेल्या कापडाबाबत एक सूचना या व्यवसायात नव्याने येणाऱ्याला द्यावीशी वाटते, कारण ती जिवाशी संबंधित आहे. वनस्पतिजन्य तेलाचा हवेतील प्राणवायूशी संयोग होताना उष्णता उत्पन्न होते. तेलकट टॉवेल ढीग करून ठेवले, विशेषतः यंत्रात गरम हवेने वाळवून तसेच गठ्ठ्यात कोंबले, तर पोटातली ऊब बाहेर पडत नाही, वाढत जाते, आणि कोणी काडी न लावता गठ्ठा पेट घेऊ शकतो. म्हणून आमच्याकडे कापड त्याच दिवशी धुवायचे आणि उन्हात दोरीवर सुटे घालायचे, हा नियम आहे. जाड तुर्की टॉवेलांच्या जागी आम्ही पंचे वापरतो. पंचा कमी तेल पितो, कमी पाण्यात धुतो आणि वऱ्हाडच्या उन्हात अर्ध्या तासात वाळतो. एकदा वापरून फेकावयाच्या त्या कागदासारख्या दिसणाऱ्या चादरी, ज्या वस्तुतः प्लॅस्टिकच्याच धाग्यांच्या असतात, त्या आम्ही दाराच्या आत घेत नाही. स्वच्छतेची हमी उकळत्या पाण्याने आणि कडक उन्हानेही देता येते.

मातीचे प्रकरण मला सर्वांत चिंतेचे वाटते. मृत्तिकालेपासाठी माती वरच्या थरातली चालत नाही; तीन-चार फूट खोलीवरची, खताचा व औषधाचा संसर्ग नसलेली, खडे वेचून, उन्हात वाळवून, वस्त्रगाळ करून घ्यावी लागते. पूर्वी ही अट पाळणे सोपे होते. आज सोयाबीनच्या प्रत्येक हंगामात तणनाशकाचा फवारा होतो, आणि काळ्या मातीने भरलेल्या या मुलखात रुग्णाच्या पोटावर निर्धास्तपणे ठेवता येईल अशी चार टोपली माती शोधण्यासाठी मला बांधबांध चौकशी करावी लागते. ज्या शेतकऱ्याच्या पडीक तुकड्यातून आम्ही ती आणतो त्याला तिचे मोल देतो. त्याला आरंभी आश्चर्य वाटले. आता त्याने तो तुकडा औषधापासून राखला आहे. एका रुग्णाला लावलेली माती दुसऱ्याला लावायची नाही, हा आरोग्याचा नियम. पण ती मोरीत धुवायची नाही, कारण चिकणमातीने नाली तुंबते, हा गावाचा नियम. म्हणून लेप आधी लाकडी पट्टीने खरवडून टोपल्यात घेतो, उन्हात वाळवितो आणि झाडांच्या आळ्यांत घालतो.

सांडपाणी प्रथम एका आडव्या हौदातून जाते. तेथे तेल वर तरंगते, गाळ खाली बसतो. मधले पाणी रेती-खडीच्या चरातून कर्दळी आणि अळू यांच्या मुळांशी फिरते व शेवटी केळी, शेवगा, कडुलिंब यांना मिळते. एवढ्याने काम झाले असे पुष्कळांना वाटते, परंतु येथे काळ्या मातीचा स्वभाव ध्यानी घ्यावा लागतो. सोडियमचा क्षार तिला सोसत नाही. तो साचला की तिचे कण एकमेकांपासून सुटतात, पाणी झिरपेनासे होते, वर पांढरट पापुद्रा येतो आणि जमीन चोपण होते. चोपण झालेली जमीन सुधारायला जिप्सम आणि कित्येक पावसाळे लागतात. त्यामुळे मिठाने अंग घासण्याचा आणि क्षारस्नानाचा प्रकार आमच्याकडे नाही, आणि धुण्याच्या सोड्याचे पाणी बागेच्या चरात सोडत नाही. त्याऐवजी होईल तेवढे धुणे रिठ्यावर भागवितो. क्षाराचे सामर्थ्य पाहण्यास आम्हाला दूर जावे लागत नाही. आमच्या शेजारी लोणार आहे. तेथील सरोवराचा क्षार साबण आणि काच करण्यास उपयोगी पडतो याची नोंद अकबराच्या काळच्या ऐने-अकबरीतही आहे. आणि त्याच विवराच्या कडेला धारेचे गोडे पाणी अखंड वाहते. २०२० साली या सरोवराला रामसर यादीत स्थान मिळाले. गोड्या झऱ्यांवाटे साबण आणि सांडपाणी जर आत उतरले तर क्षाराच्या त्या हजारो वर्षांच्या समतोलाला धक्का बसतो, असे अभ्यासक सांगतात. एवढ्या विशाल जलाशयाची ही नाजूक अवस्था, तर आमच्या दहा केळींच्या बागेची काय कथा?

वनौषधींविषयी थोडक्यात सांगतो. सुगंधी तेलांच्या यादीत जटामांसी, गुग्गुळ, चंदन ही नावे दिसली की ग्राहकाला समाधान वाटते. पण हिमालयातील जटामांसी आणि राजस्थान-गुजरातकडील गुग्गुळ या दोन्ही वनस्पती आज नाहीशा होण्याच्या मार्गावर आहेत, आणि चंदनाच्या चोऱ्यांच्या बातम्या वर्तमानपत्रांत नित्य येतात. त्यांच्याऐवजी ओढ्याकाठची निर्गुडी, बांधावरचा एरंड, करंज आणि रुई यांची पाने चिरून, तेलात परतून, कापडाच्या पुरचुंडीत बांधून दुखऱ्या सांध्यावर शेक दिला तर गुडघ्याला जो आराम पडतो तो मी रोज पाहतो. त्यासाठी कोणताही डोंगर उघडा करावा लागत नाही.

आता पाण्याच्या उगमाविषयी. फ्रान्सने १८५६ साली कायदा करून औषधी झऱ्यांभोवती संरक्षणाची हद्द आखून देण्याची तजवीज केली. त्या हद्दीत परवान्याशिवाय खोदकाम करता येत नाही. युरोपातील अकरा स्नाननगरांना २०२१ साली जागतिक वारशाचा मान मिळाला त्यामागे पाण्याचा उगम राखण्याची ही जुनी शिस्त आहे. आपल्याकडेही सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरांच्या आत परवानगीवाचून विहीर घेऊ नये असा निर्बंध १९९३ च्या अधिनियमाने घातला होता. परंतु समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून गेल्यापासून, विश्रांतिगृहे, त्यांत तरणतलाव आणि त्यांत जलक्रीडेचे टब, अशा योजना घेऊन माणसे माझ्याकडे सल्ल्याला येतात. त्यांच्यापैकी बहुतेकांचा पहिला प्रश्न दिव्यांचा आणि सौरपट्ट्यांचा असतो, दारावर पानाचे हिरवे चिन्ह लावता येईल काय याचा असतो. मी त्यांना आधी उपचारांची यादी दाखवायला सांगतो. ज्या यादीत आरंभीच तीनशे लिटरांचा टब आहे, तिच्यावर मागून कितीही सौरपट्ट्या चढविल्या तरी वैशाखातल्या विहिरीच्या दृष्टीने काही फरक पडत नाही. यादी बदलली तर पुढची निम्मी यंत्रे घ्यावीच लागत नाहीत. काहींना हे पटते. एकाने टबाऐवजी ऊनस्नानाचा ओटा आणि कटिस्नानाची खोली बांधून घेतली, आणि त्याच्याकडे येणारी माणसे समाधानाने परत जातात, असे त्याने मला कळविले.

आमच्या किर्दीतला एक रकाना मात्र अजून समाधानकारक भरलेला नाही, तो तेलाचा. वऱ्हाडात एके काळी तीळ, करडई, जवस ही पिके शेतोशेती होती आणि गावोगाव लाकडी घाणा होता. सोयाबीनने तो सारा पट बदलला. सोयाबीन विकले जाते, पैसा लवकर हाती येतो, शेतकऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. पण त्यामुळे तिळाच्या मुलखात राहून मी परप्रांतातून डब्यांत आलेले तिळाचे तेल रुग्णाच्या अंगाला लावतो, याची मला मनापासून खंत वाटते. यंदा त्यासाठी थोडी खटपट केली आहे. ज्या शेतकऱ्याकडून माती आणतो त्याच्याशी आणि त्याच्या दोन भावकीतल्यांशी बोलणी झाली. त्यांचा प्रश्न रास्त होता: तिळाला पावसाने दगा दिला, बोंडे फुटून दाणा शेतात सांडला, तर भरपाई कोण देणार? शेवटी ठरले ते असे, की प्रत्येकी अर्धा एकर तीळ पेरायचा, बाकी सोयाबीन ठेवायचे, पेरणीआधी भाव कागदावर लिहून द्यायचा, त्यातली तिसऱ्या हिश्शाची रक्कम उचल म्हणून आधी द्यायची, आणि पीक बुडाले तर ती उचल परत मागायची नाही. घाण्याची अडचण होती. ती मेहकर रस्त्यावरच्या एका तरुणाने सोडविली, त्याने घाणा बसविला आहे आणि पेंड त्याला ठेवून घ्यायची या बोलीवर तो कमी मजुरीत तेल काढून देणार आहे. पेंडीवर शेतकऱ्यांनीही हक्क सांगितला, कारण ती गाईम्हशींना लागते. त्या वाटणीची बोलणी मृगाच्या आधी संपवायची आहेत.